दाजींचं नाक आणि निवळलेली बिअर

दाजींना बिअर आरपार दिसायला हवी होती. ग्लासामागे बोट धरलं तर बोटावरची रेघ दिसली पाहिजे, इतकी. मी म्हणायचो, गढूळ असली म्हणून काय बिघडलं, वासाला चांगली आहे, चवीला चांगली आहे, प्या की मुकाट. पण वास आणि चव माझ्याकडे होते. दाजींकडे फक्त डोळे होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. त्यांच्या वडिलांची हयात मेंढरांमागे गेली आणि उतारवयात त्यांनी कासुर्डीजवळ थोडी जमीन धरली. त्या घरातून कंपनीत गेलेला पहिला माणूस म्हणजे दाजी. कुरकुंभला एका केमिकल प्लांटवर ऑपरेटर. मी शिरूरकडचा. बी.एस्सी. होऊन घरात बसलो होतो आणि आमचे आबा मला बघून रोज एक उसासा टाकायचे. दाजींनी साहेबाकडे शब्द टाकला आणि मला त्याच प्लांटवर लावून घेतलं. दौंडला त्यांच्या भाड्याच्या घरात मागची खोली मला मिळाली. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची.

त्या वर्षांची आठवण काढायची म्हटली की मला आधी झोप आठवते. म्हणजे न झालेली. या आठवड्यात दिवसपाळी, पुढच्यात दुसरी, मग रात्रपाळी. शरीराला कळायचंच नाही की जेवायची वेळ आहे की निजायची. अंगाला कुरकुंभचा वास. कपडे अक्का वेगळ्या बादलीत धुवायची. एसटीत शेजारी बसलेला माणूस जरा सरकून बसायचा आणि आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

एका उन्हाळ्यात टाकी धुताना दाजींच्या नाकातोंडात सॉल्व्हंटची वाफ गेली. ताप आला, खोकला झाला, आठवडाभर अंथरुणावर होते. बरे झाले. पहिल्या दिवशी अक्काने त्यांच्या आवडीचं सुकटीचं कालवण केलं. गल्लीच्या टोकापर्यंत वास सुटला होता. दाजी पाटावर बसले आणि म्हणाले, "आज काय केलंयस?"

अक्काला वाटलं चेष्टा करतायत. मग तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

पुण्याला नेऊन डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं आणि वाट बघायला सांगितलं. वास परत येईल कदाचित, म्हणाले. नाही आला तर सवय होईल. हे 'सवय होईल' मला फार लागलं. डॉक्टरांचं नाक शाबूत होतं.

आमच्या प्लांटवर नाकाला किंमत होती. मीटर होते, भोंगे होते, पण कुठे झिरपत असेल तर मीटरच्या आधी माणसाला कळायचं. वास आला की तोंडाला रुमाल लावायचा, ओरडायचं आणि वाऱ्याच्या उलट्या अंगाला पळायचं, हे पहिल्या दिवशी शिकवलेलं. वास न येणारा माणूस तिथे चालत नाही. साहेबाने दाजींना पॅकिंगला टाकलं. पुठ्ठ्याचे खोके जोडायचे, पिशव्या भरायच्या, पट्टी मारायची. पॅकिंगची माणसं कंत्राटावरची, कंत्राटदार बदलला की माणसं बदलायची. दाजींना ते पक्कं ठाऊक होतं. त्यांचं एकच चाललेलं, नाक आलं पाहिजे आणि प्लांटवर परत गेलं पाहिजे. नाहीतर कासुर्डीला जाऊन भावांच्या वाट्यातलं कमी करायचं, आणि भावांच्या तोंडाकडे बघत जेवायचं.

बिअर त्या पावसाळ्यात सुरू झाली. कंपनीत वाळवणाचं मशीन बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. दाजींनी त्याला एकदा घरी जेवायला आणलं होतं, मटणाच्या रश्श्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यावर दोस्ती झाली. जाताना तो एक यीस्टचं पाकीट आणि एक हॉप्सच्या वाळक्या फुलांचं पाकीट ठेवून गेला, आणि बिअर कशी करायची ते मला नीट समजावून गेला. घरात असलं काही करणं कायद्यात बसत नव्हतं. आम्ही विकत नव्हतो, कुणाला बोलावत नव्हतो, एवढंच आमच्या बाजूने म्हणता येईल.

अक्काने आधी तोंड फिरवलं. मग तिचा तिने हिशेब केला असावा की पॅकिंगमधून सुटून हा माणूस हायवेवरच्या बारमध्ये बसण्यापेक्षा घरात मडक्याशी खेळलेला बरा. "जे करायचं ते माझ्या डोळ्याम्होरं," एवढीच तिची अट.

जव भिजवून मोड आणायचे, पत्र्यावर वाळवायचे, गिरणीत भरड काढायची. गिरणीवाला दर वेळी विचारायचा, कुणाला डोहाळे लागलेत? मग कोमट पाण्यात भरड मुरवून गोड पाणी काढायचं, हॉप्स घालून उकळायचं, गार करून काचेच्या मोठ्या बरणीत ओतायचं आणि यीस्ट सोडायचं. बरणी टबात, भोवती ओलं गोणपाट. दोन-चार दिवस बुडबुडे येतात, मग शांत होतं. इथपर्यंत कुणालाही जमेल.

खरी कटकट त्यानंतर. बिअर तयार होते तेव्हा ताकासारखी गढूळ असते, आणि ती निवळेपर्यंत तिला हवा लागता कामा नये. यीस्ट सोडताना हवा चालते, उलट लागते. एकदा आंबवण झालं की हवा शत्रू. हवेतला ऑक्सिजन आत मिसळला की रंग काळवंडतो आणि भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. आम्हाला हे नवं नव्हतं. प्लांटवर रिॲक्टरमधल्या, म्हणजे रसायनं शिजवायच्या बंद टाकीतल्या, मालावर आम्ही नायट्रोजनचं पांघरूण घालतच होतो. घरी नायट्रोजन नव्हता, पण आंबणाऱ्या बरणीतून जो वायू निघतो तो तर फुकटचा. पहिल्या बरणीच्या बुचातून नळी काढून ती रिकाम्या बरणीच्या तळापर्यंत सोडायची. तो वायू जड, तळापासून भरत जातो आणि हवा वरून बाहेर निघते. मग बिअर एका बरणीतून दुसरीत नळीने उतरवायची, नळीचं टोक तळाशी टेकवून, आवाज न होता. ओतायचं नाही. खळखळ झाली की संपलं.

निवळण्यासाठी काय वापरायचं यावर घरात बरेच दिवस वाद चालला. दाजी म्हणाले तुरटी फिरव, आम्ही नदीचं पाणी तसंच निवळायचो. एका बाटलीत फिरवून पाहिली, दोघांचीही तोंडं आवळून आली. अक्काचं म्हणणं भेंडी. गुऱ्हाळात उसाच्या रसाची मळी काढायला भेंडीची झाडं ठेचून घालतात, तिने लहानपणी ठेचलेली. तेही केलं. बिअर निवळली नाही, पण बुळबुळीत झाली, आणि दाजी ती अक्काच्या समाधानासाठी दोन ग्लास प्याले. शेवटी मी पुण्याहून जिलेटिन आणलं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात ते विरघळवायचं आणि बूच न काढता आत सोडायचं. त्यासाठी दाजींनी कासुर्डीहून मेंढरांना टोचायची मोठी सिरिंज आणली. बुचाच्या रबरातून सुई घालून मी जिलेटिन सोडायचो तेव्हा अक्का म्हणायची, "हिला बी लस टोचा एक."

मग बरणी फ्रीजमध्ये. फ्रीज जुना, त्यात बरणी बसायची तर मधली जाळी काढायला लागायची, आणि अक्काची कोथिंबीर, दूध, टोमॅटो सगळं तीन-चार दिवस बाहेर. गारठ्यात गाळ खाली बसायचा. पण दर वेळी कुठे ना कुठे चुकायचंच. कधी नळी सुटायची, कधी लोडशेडिंगमुळे फ्रीज गरम. मी पाळी करून यायचो, डोळे मिटत असायचे, आणि दाजी बरणीसमोर बॅटरी धरून उकिडवे बसलेले असायचे.

"अजून धुरकट हाय रं."

"होईल दाजी. झोपा आता."

"वास कसा हाय?"

मी बूच सैल करून हुंगायचो आणि सांगायचो. चांगला आहे. संत्र्याच्या सालीसारखा आहे. पावासारखा आहे. ते डोळे मिटून ऐकायचे. मग स्वतः नाक लावायचे, बराच वेळ, आणि मान हलवायचे. प्रत्येक खेपेला हे व्हायचं. मला कंटाळा यायचा, आणि कंटाळा आला म्हणून स्वतःचाच राग यायचा.

दिवाळीनंतर एके सकाळी चहाला बसलो असताना दाजी म्हणाले, "आज कांदा करपलाय वाटतं."

अक्का वळली. कांदा करपला होता. ती जी रडायला लागली ती थांबेना. दाजी हसत होते. त्या आठवड्यात ते दोन-तीनदा असंच म्हणाले, दूध लागलंय, उदबत्ती कुठली लावलीय. मग ते साहेबाकडे गेले आणि नाक परत आलं म्हणून सांगितलं. वर्षाच्या तपासणीत रक्त बघायचे, छाती बघायचे, डोळे बघायचे, नाकाचं कुणी विचारत नसे. प्लांटवर माणसं कमी होती. साहेब म्हणाला बरं झालं, सोमवारपासून या. दाजी परत माझ्या पाळीत आले. अक्काने जेजुरीला नवस बोललेला होता, ती तो फेडायच्या तयारीला लागली.

जेजुरीहून आल्यावर बिअर फोडायची असं ठरलं. आता वास घेऊन पितो, दाजी म्हणाले. त्या खेपेला मी जीव ओतला. थंडी होती, बरणी छान आंबली. रिकाम्या बरणीत दोन दिवस वायू भरत ठेवला. नळी उतरवताना एक बुडबुडा येऊ दिला नाही. जिलेटिन टोचलं, बरणी फ्रीजमध्ये ठेवली आणि आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून शिरूरला गेलो.

परत आलो तो सरळ पाळीला. दुसऱ्या दिवशी बाटल्या भरल्या, प्रत्येकीत फेसासाठी चिमूट साखर टाकली, सोडावाल्याकडून आणलेल्या यंत्राने झाकणं दाबली. रंग जरा गडद वाटला. पण ट्यूबलाईटच्या उजेडात, त्या थकव्यात, माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नव्हता. वास घ्यायचं सुचलंही नाही. नाक चोंदल्यासारखंच असायचं आमचं.

जेजुरी झाली. रविवारी दुपारी, भंडाऱ्याने कपाळ पिवळं असलेली अक्का आत पापड तळत होती आणि आम्ही दोघांनी पहिली बाटली फोडली. दाजींनी ग्लास खिडकीकडे धरला. मागे बोट धरलं. बोटावरची रेघ दिसत होती.

"झाली रं," ते म्हणाले. मग त्यांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. "वा. काय वास हाय. संत्र्याच्या सालीवानी."

मीही हुंगलं. भिजलेला पुठ्ठा. पॅकिंगच्या शेडमध्ये पावसाचं पाणी शिरल्यावर खोक्यांच्या थप्प्यांना येतो तोच.

मला क्षणभर काही कळेना. तेवढ्यात अक्का पापड घेऊन दारात आली आणि लाजत म्हणाली, "किती निवळ झाली बघ. तू शिरूरला गेल्तास तवा म्याच गाळली. तळाला किती घाण हुती! माझ्या नव्या पातळाचं फडकं चौघडी करून, ह्या पातेल्यातनं त्या पातेल्यात, चांगली दोन-तीनदा. गाळल्याबिगर पानी बी पीत न्हाई आपन, आन् ही तशीच पिणार व्हय? मग दिली परत बरणीत ओतून."

मला तिच्यावर रागवावंसंही वाटलं नाही. आमच्या घरात चहा गाळतात, दूध गाळतात, ताक गाळतात. नवऱ्याच्या नाकासाठी नवस फेडायला निघालेली बाई तळाला गाळ असलेली गोष्ट त्याच्यापुढे कशी ठेवेल? तिने मायेने उंचावरून धार धरली असणार, फेस आला तर बरं वाटलं असणार.

मी तिच्या हातून पापड घेतला. पण माझं तोंड झालं असणार तसं, कारण दाजी माझ्याकडेच बघत होते. ग्लासाकडे नाही, माझ्याकडे. त्यांनी ग्लास हळूच खाली ठेवला.

"शेंगदाणे बी भाज की जरा," ते अक्काला म्हणाले. ती आत गेली.

"बिघडलीय ना?"

"दाजी, तुम्हाला वास येत नाही."

"न्हाई."

"कधीपासून?"

"कवाच आला न्हाई. कांद्याचा धूर दिसला हुता मला."

आत कढईत शेंगदाण्यांचा आवाज सुरू झाला. मी दबक्या आवाजात त्यांना काय काय बोललो ते आता सगळं आठवत नाही. वेड लागलंय का तुम्हाला, मराल एक दिवस, आणि आम्हालाही घेऊन मराल, असं काहीतरी.

"मग प्लांटवर कसं करता?" मी विचारलं.

"तुमची तोंडं बघतो," दाजी म्हणाले. "वास आला की मान्साचं तोंड बदलतं. आधी नाक हालतं, मग भुवया. मीटरच्या आधी. मी रोज तुझ्या म्होरं उभा ऱ्हातो, ध्यानात न्हाई आलं तुझ्या?"

खरंच आलं नव्हतं. मला वाटायचं ते गप्पा मारायला येतात.

"आणि मी नसलो म्हणजे?"

"मग हेल्परला हाक मारतो. वर ये म्हनतो, तंबाखू दे. तो आला की त्याचं तोंड बघतो."

अक्का शेंगदाणे घेऊन आली आणि समोर बसली. "कशी झालीय?" तिने मला विचारलं, दाजींना नाही. कपाळावरचा भंडारा घामाने ओघळला होता. मी म्हणालो, एक नंबर झालीय अक्का. आणि आम्ही दोघांनी ती अख्खी बाटली संपवली. त्यांना काहीच कळत नव्हतं आणि मला सगळं कळत होतं.

साहेबाला सांगावं असं माझ्या मनात रोज यायचं. प्लांटच्या दारापर्यंत जायचो आणि अक्काचा चेहरा दिसायचा, मग कासुर्डीचं घर दिसायचं, आणि मी हातमोजे घालून कामाला लागायचो. त्यानंतरचे दीड-दोन महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात थकवणारे. मला मोकळेपणी तोंडही वाकडं करता येईना. डब्यातली भाजी आंबलेली निघाली, मी नाक मुरडलं, की समोर दाजी ताठ. कुणी घाणेरडा विनोद केला, मी भुवया चढवल्या, की त्यांचा हात व्हॉल्व्हवर. एकदा मी नुसता शिंकायला तोंड उघडलं तर ते जिन्याकडे धावले. सगळे हसले. दाजीही हसले. मी हसलो नाही. माझी पाळी बदलली की मला झोप लागायची नाही, आज ते कुणाच्या तोंडाकडे बघत असतील म्हणून. घरीही मी चेहरा कोरा ठेवायला शिकलो. अक्का म्हणायची, ह्या पोराला काय झालंय, हसत न्हाई का रुसत न्हाई.

थंडी सरता सरता मला सर्दी झाली. साधी, पडसं म्हणतात ती. सकाळी उठलो तेव्हा डोकं जड होतं. पण रजा टाकावी तर बदली माणूस नव्हता, म्हणून गोळी घेऊन दिवसपाळीला गेलो. चहाच्या वेळेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही. रिॲक्टरखाली आम्ही दोघंच होतो, एका बाजूला मी, समोर दाजी, नेहमीसारखे माझ्याकडे तोंड करून. मी चहाचा कप नाकाशी नेला आणि मला आल्याचा वास आला नाही. पुन्हा नेला. काहीच नाही.

मी वर पाहिलं. दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. शांतपणे, विश्वासाने.

"दाजी," मी म्हणालो, "माझं नाक बंद आहे आज. सकाळपासून."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी वर पाइपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत वर. तसं काही झालेलं नव्हतं. कुठे काही झिरपत नव्हतं, मीटरचा काटा जागेवर होता. पण आम्ही दोघं सकाळपासून तिथे उभे होतो आणि दोघांपैकी एकालाही वास येत नाही हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

दाजींनी हातातला पाना ठेवला. हातमोजे काढून त्यावर ठेवले. "तू भाईर उघड्यावर थांब," म्हणाले आणि निघाले. मला वाटलं हेल्परला हाक मारायला गेले. ते साहेबाच्या केबिनकडे गेले.

मी मागोमाग गेलो, पण दार लागलं होतं. मधल्या काचेतून दाजींचं तोंड दिसत होतं, साहेबाची पाठ. आवाज येत नव्हता. दाजींनी एकदा नाकाला बोट लावून दाखवलं. मग बराच वेळ साहेबच बोलत असावा, कारण दाजींची मान खाली होती. मी त्यांच्या तोंडावरून काही कळतंय का बघत राहिलो. मला त्यातलं काही जमलं नाही.

ते बाहेर आले, खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि डब्याची पिशवी उचलली.

"काय म्हणाले?"

"माझ्याजागी दुसरा यील आत्ता. त्याला नीट बघून घे, नाक बिक." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी ते माझ्या तोंडावर काही शोधत नव्हते. "आन् तू बी सुट्टी टाकून घरी जा. गरम पान्याची वाफ घे. तुझ्या अक्काला माझ्या नाकाचं मीच सांगतो."